प्रेझेंट पार्टिसिपल आणि जेरंड (इंग्रजी व्याकरण)

प्रेझेंट पार्टिसिपल म्हणजे वर्तमानकालवाचक धातुसाधित आणि जेरंड म्हणजे धातुसाधित नाम ही इंग्रजी क्रियापदाची दोन कृदन्त रूपे आहेत. दोन्ही रूपे मूळ क्रियापदाला 'इंग' हा प्रत्यय लागून तयार होतात आणि दिसण्यात वा उच्चारात त्यांच्यात कोणताही फरक नसतो. फरक असतो तो वाक्यातील कार्याचा. पार्टिसिपल हे विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करते, तसेच 'बी' या साहाय्यक क्रियापदाबरोबर अपूर्ण काळ सिद्ध करते. जेरंड नामाचे काम करते. 'शी इज सिंगिंग' या वाक्यात 'सिंगिंग' हे पार्टिसिपल आहे, तर 'सिंगिंग मेक्स हर हॅपी' या वाक्यात तेच रूप जेरंड आहे. पहिल्याचा अर्थ 'ती गात आहे' असा, तर दुसऱ्याचा 'गाण्याने तिला आनंद होतो' असा होतो.

रूप एकच असल्यामुळे एखादा सुटा शब्द पाहून तो पार्टिसिपल आहे की जेरंड हे सांगता येत नाही. त्यासाठी वाक्य पाहावे लागते, आणि काही वाक्यांत तेवढ्यानेही निर्णय होत नाही.

रूपसिद्धी

'इंग' प्रत्यय लागताना लेखनात काही बदल होतात. 'राइट'सारख्या शब्दातील अंत्य, अनुच्चारित ई गळतो. 'रन'सारख्या एकाक्षरी, ऱ्हस्व स्वराच्या शब्दात अंत्य व्यंजन दुप्पट होते. मरणे या अर्थाच्या 'डाय'मधील आय-ई या अक्षरांच्या जागी वाय येतो. रंगविणे या अर्थाच्या 'डाय'मधील ई मात्र मुद्दाम राखला जातो, नाहीतर कापड रंगविणारा आणि मरणारा यांत लेखनात भेद उरला नसता. 'कॅन', 'मस्ट', 'शुड' यांसारख्या साहाय्यक क्रियापदांना 'इंग' रूप नसते. 'नो', 'बिलाँग', 'ओन' यांसारखी स्थितिवाचक क्रियापदे अपूर्ण काळात सहसा येत नाहीत, पण त्यांचे जेरंड सहज वापरले जाते. 'आय अॅम नोइंग द आन्सर' हे अशुद्ध, मात्र 'नोइंग द आन्सर इज नॉट इनफ' हे शुद्ध. एकच रूप एका भूमिकेत चालते आणि दुसऱ्या भूमिकेत चालत नाही, हा दोन्ही भूमिका वेगळ्या असल्याचा एक पुरावा मानला जातो.

मराठी रूपांशी तुलना

इंग्रजीत एकाच रूपावर पडणारी कामे मराठीत वेगवेगळ्या प्रत्ययांमध्ये वाटली गेली आहेत. 'पोहणे' या धातूवरून पोहणे, पोहत, पोहताना, पोहणारा अशी रूपे होतात. 'स्विमिंग इज गुड एक्सरसाइज' म्हणजे 'पोहणे हा चांगला व्यायाम आहे'. येथे 'णे'कारान्त नाम आहे, म्हणून इंग्रजीतील रूप जेरंड. 'ही इज स्विमिंग' म्हणजे 'तो पोहत आहे', 'आय सॉ हिम स्विमिंग' म्हणजे 'मी त्याला पोहताना पाहिले' आणि 'अ स्विमिंग डक' म्हणजे 'पोहणारे बदक'. या तिन्ही ठिकाणी पार्टिसिपल आहे. वाक्याचे मराठी भाषांतर करावे. 'णे', 'ण्याचा', 'ण्यास', 'ण्याने' अशी रूपे आली तर जेरंड आणि 'त', 'ताना', 'णारा' अशी रूपे आली तर पार्टिसिपल, अशी एक सोपी कसोटी त्यावरून मिळते. मराठी भाषक विद्यार्थ्याला ही कसोटी इंग्रजी भाषक विद्यार्थ्यापेक्षा एक पाऊल पुढे नेते, कारण त्याच्या स्वतःच्या भाषेत हा भेद कानाला ऐकू येतो.

शब्दयोगी अव्ययाचे काम करणाऱ्या प्रीपोझिशननंतर मात्र ही कसोटी फसते. 'ही लेफ्ट विदाऊट ईटिंग' याचे सहज मराठी रूप 'तो न खाता निघून गेला' असे आहे. 'शी पास्ड बाय वर्किंग हार्ड' म्हणजे 'ती कष्ट करून उत्तीर्ण झाली', आणि 'ऑन हिअरिंग द न्यूज' म्हणजे 'बातमी ऐकताच'. मराठीत येथे 'ता', 'ऊन', 'ताच' अशी क्रियाविशेषणात्मक धातुसाधिते येतात; इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी जेरंडच आहे, कारण 'विदाऊट', 'बाय', 'ऑन' यांच्यानंतर नाम किंवा नामासारखा शब्दच येऊ शकतो. प्रीपोझिशन दिसले की भाषांतराची कसोटी बाजूला ठेवून ते रूप जेरंड समजावे.

इतिहास

आजची समरूपता मुळात नव्हती. प्राचीन इंग्रजीत वर्तमानकालवाचक धातुसाधित 'एंडे' या प्रत्ययाने होत असे आणि क्रियावाचक नाम 'उंग' किंवा 'इंग' या प्रत्ययाने. 'गाणारा, गात' या अर्थी 'सिंगेंडे' आणि 'शिकणे, विद्या' या अर्थी 'लिओर्नुंग' अशी दोन निराळी रूपे होती. जर्मन भाषेत हा भेद अजून टिकून आहे: तेथे 'सिंगेंड' हे धातुसाधित विशेषण आहे आणि 'उंग' हा नामे बनविणारा प्रत्यय आहे.

मध्ययुगीन इंग्रजीत धातुसाधिताचा प्रत्यय प्रदेशानुसार बदलला. उत्तरेकडे 'अँड', मध्य भागात 'एंड' आणि दक्षिणेकडे 'इंड' अशी रूपे ढोबळमानाने आढळतात. दक्षिणेतील 'इंड' हा उच्चार क्रियावाचक नामाच्या 'इंग'ला अगदी जवळचा होता. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिणेत धातुसाधितासाठीही 'इंग' लिहिले जाऊ लागले आणि पंधराव्या शतकापर्यंत इंग्लंडमधील प्रमाण लेखनात तेच रूढ झाले. स्कॉट्स बोलींमध्ये दोन्हींमधील भेद अधिक काळ टिकला.

याच काळात दुसरा बदल घडला. क्रियावाचक नाम मुळात पूर्णपणे नाम होते. त्याला सरळ कर्म घेता येत नसे, 'ऑफ' लावावा लागे. धातुसाधित मात्र क्रियापदाप्रमाणे सरळ कर्म घेत असे. दोन्ही एकरूप झाल्यावर नामही हळूहळू कर्म आणि क्रियाविशेषण घेऊ लागले. बाहेरून नाम आणि आतून क्रियापद असा जो आजचा जेरंड आहे, तो या दीर्घ सरमिसळीतून तयार झाला. 'गो अ-हंटिंग' यासारख्या जुन्या प्रयोगांतील 'अ' हा 'ऑन' या प्रीपोझिशनचा अवशेष आहे. म्हणजे तेथील 'हंटिंग' हे मुळात नाम होते. 'अ' गळून पडल्यावर उरलेले 'गो हंटिंग' आज पार्टिसिपलसारखे भासते.

जुन्या भेदाची एक खूण बोलण्यात अजून शिल्लक असल्याचे मानले जाते. अनौपचारिक इंग्रजीत 'इंग'चा उच्चार पुष्कळदा 'इन' असा होतो. समाजभाषाविज्ञानातील पाहण्यांत हा 'इन' उच्चार अपूर्ण काळातील पार्टिसिपलमध्ये अधिक आणि जेरंड व नामांमध्ये कमी आढळला आहे. अॅन ह्यूस्टन यांनी १९८५ सालच्या आपल्या प्रबंधात या तफावतीचा संबंध प्राचीन इंग्रजीतील दोन वेगळ्या प्रत्ययांशी जोडला.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या इतिहासात एक जवळचे नातेही आहे. प्राचीन इंग्रजीतील 'एंडे', लॅटिनमधील 'अमान्स', 'अमान्तिस' यांतील प्रत्यय आणि संस्कृतमधील 'गच्छन्', 'गच्छन्तम्' यांतील शतृ प्रत्यय हे एकाच आद्य इंडो-युरोपीय प्रत्ययापासून आलेले आहेत. मराठीतील 'करत', 'जात', 'बोलत' यांतील 'त' हा प्राकृतमार्गे त्याच शतृ प्रत्ययातून आला आहे. इंग्रजीने हा वारसा पंधराव्या शतकापर्यंत गमावला. मराठीत तो रोजच्या बोलण्यात आहे.

ओळखण्याच्या कसोट्या

पहिली आणि सर्वांत भरवशाची कसोटी स्थानाची आहे. 'इंग' रूप जर कर्ता, कर्म, पूरक किंवा प्रीपोझिशनचे कर्म अशा जागी असेल, तर ते जेरंड. 'कुकिंग टेक्स टाइम', 'आय एन्जॉय कुकिंग', 'ही इज फाँड ऑफ कुकिंग' या तिन्ही वाक्यांत 'कुकिंग' काढून तेथे 'म्युझिक' किंवा 'टेनिस' असे साधे नाम ठेवले तरी वाक्याची रचना मोडत नाही. 'शी इज कुकिंग' मध्ये 'कुकिंग'च्या जागी 'टेनिस' ठेवले तर वाक्य निरर्थक होते. म्हणून तेथे पार्टिसिपल.

'बी' क्रियापदानंतर येणाऱ्या रूपाविषयी विशेष गोंधळ होतो, कारण तेथे दोन्ही रूपे येऊ शकतात. 'हर सिस्टर इज पेंटिंग' आणि 'हर हॉबी इज पेंटिंग' ही वाक्ये वरवर सारखीच आहेत. दुसऱ्या वाक्याची उलटापालट करून 'पेंटिंग इज हर हॉबी' असे म्हणता येते, कारण छंद आणि चित्रे काढणे ही एकच गोष्ट आहे. बहीण आणि चित्रे काढणे ही एकच गोष्ट नसल्याने पहिले वाक्य उलटवता येत नाही. पहिल्यात 'इज' साहाय्यक क्रियापद आहे आणि दुसऱ्यात ते दोन नामांना जोडणारे मुख्य क्रियापद आहे.

'माय', 'हिज', 'देअर' अशी षष्ठीची रूपे आधी आली असतील तर ते रूप नामस्वरूप असते. 'आय रिमेंबर हिज सेइंग सो' यातील 'सेइंग' जेरंड आहे.

काही प्रयोगांत या कसोट्या एकमेकींशी जुळत नाहीत. 'ही केप्ट टॉकिंग', 'शी इज बिझी राइटिंग', 'वी स्पेंट द डे क्लीनिंग द हाऊस' यांतील रूपांना काही व्याकरणकार जेरंड म्हणतात, काही पार्टिसिपल. 'बिझी' व 'स्पेंड' यांच्यानंतर पूर्वी 'इन' येत असे आणि आजही ते घालता येते, हे जेरंडच्या बाजूचे प्रमाण आहे. 'इन' नसताना मात्र ही रूपे क्रियाविशेषणासारखी वागतात. 'तो बोलत राहिला' या मराठी वाक्यात पार्टिसिपलचे समांतर रूप आहे, पण मराठीने असे म्हटल्यामुळे इंग्रजीचा वाद मिटत नाही. परीक्षेतील प्रश्नांत अशी उदाहरणे देणे सयुक्तिक ठरत नाही.

नामापूर्वी येणारे 'इंग' रूप

नामाच्या आधी आलेले प्रत्येक 'इंग' रूप पार्टिसिपल असते, हा समज चुकीचा आहे. 'अ स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेले मूल; झोपण्याची क्रिया मूल करते, म्हणून 'स्लीपिंग' पार्टिसिपल. 'अ स्लीपिंग बॅग' मध्ये बॅग झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते. येथे जेरंड आणि नाम मिळून सामासिक शब्द झाला आहे. 'जी अमुक क्रिया करते ती वस्तू' असा विग्रह जमला तर पार्टिसिपल, 'अमुक क्रियेसाठी असलेली वस्तू' असा जमला तर जेरंड.

हा भेद उच्चारातही ऐकू येतो. सामासिक शब्दात मुख्य आघात पहिल्या पदावर असतो, विशेषण आणि नाम यांच्या जोडीत तो दुसऱ्या पदावर असतो. 'डान्सिंग टीचर' या शब्दांत 'डान्सिंग'वर जोर दिला तर नृत्य शिकविणारे शिक्षक आणि 'टीचर'वर दिला तर नाचत असलेले शिक्षक असा अर्थ होतो. लेखनात आघात दाखविला जात नसल्याने तेथे संदर्भावरच विसंबावे लागते.

मराठीने इंग्रजीतून उचललेल्या शब्दांत जेरंडचे सामासिक शब्द पुष्कळ आहेत. वॉशिंग मशीन, वेटिंग रूम, ड्रायव्हिंग लायसन्स, स्विमिंग पूल, कटिंग प्लायर ही सर्व त्याच वर्गातील उदाहरणे होत. 'रनिंग कॉमेंटरी' हा मात्र पार्टिसिपलचा प्रयोग आहे, कारण तेथे समालोचनच 'धावते' आहे. 'धावते समालोचन' हे मराठी भाषांतर त्या दृष्टीने अचूक आहे. 'पार्किंग' मराठीत स्वतंत्र नाम म्हणून आले आणि त्याला जागेचाही अर्थ चिकटला.

'इंटरेस्टिंग', 'चार्मिंग', 'बोअरिंग' हे शब्द मुळात पार्टिसिपल असले तरी आज पूर्ण विशेषणे झाली आहेत. त्यांच्याआधी 'व्हेरी' येऊ शकते, 'स्लीपिंग'आधी ते येत नाही. दुसऱ्या टोकाला 'बिल्डिंग', 'वेडिंग' हे शब्द पूर्ण नामे झाले असून त्यांचे अनेकवचनही होते. 'स्प्रिंग' (वसंत) किंवा 'थिंग' यांतील 'इंग' हा प्रत्ययच नव्हे.

संदिग्ध वाक्ये

काही वाक्ये दोन्ही प्रकारे वाचता येतात आणि दोन्ही वाचने शुद्ध असतात. 'एंटरटेनिंग गेस्ट्स कॅन बी टायरिंग' याचा एक अर्थ 'पाहुण्यांची सरबराई करणे थकविणारे असू शकते' असा, तर दुसरा 'करमणूक करणारे पाहुणे थकविणारे असू शकतात' असा होतो. 'कॅन'सारखे साहाय्यक क्रियापद वचन दाखवीत नसल्यामुळे संदिग्धता टिकून राहते. 'कॅन बी'च्या जागी 'इज' घातले तर कर्ता एकवचनी ठरून 'एंटरटेनिंग' जेरंड होते. 'आर' घातले तर 'गेस्ट्स' हा कर्ता ठरून ते पार्टिसिपल होते. नोम चॉम्स्की यांनी या प्रकारच्या संदिग्ध रचना भाषाविज्ञानाच्या चर्चेत मध्यवर्ती आणल्या. वरवर एकच दिसणाऱ्या शब्दक्रमाखाली दोन वेगळ्या वाक्यरचना असू शकतात, हे दाखविण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. मराठीत ही संदिग्धता उद्भवतच नाही. भाषांतरकाराला 'करणे' की 'करणारे' याची निवड आधीच करावी लागते, आणि निवड चुकली तर वाक्याचा कर्ताच बदलतो.

जेरंड आणि क्रियावाचक नाम

नामाचे काम करणाऱ्या 'इंग' रूपांतही दोन थर आहेत. 'रीडिंग द लेटर क्विकली' मध्ये 'रीडिंग' सरळ कर्म घेते आणि त्याला क्रियाविशेषण लागते. हे खरे जेरंड. 'द क्विक रीडिंग ऑफ द लेटर' मध्ये आधी 'द' आणि विशेषण आहे, कर्म 'ऑफ'ने जोडलेले आहे. येथे रूप पूर्ण नाम झाले आहे आणि त्याला क्रियावाचक नाम म्हणतात. मराठीत नेमका असाच भेद 'पत्र भरभर वाचणे' आणि 'पत्राचे भरभर वाचन' यांत आहे. 'वाचणे' कर्म घेते, 'वाचन' षष्ठी मागते. 'द रीडिंग द लेटर' अशी मिश्र रचना पूर्वीच्या इंग्रजीत आढळते, आजच्या प्रमाण इंग्रजीत ती अशुद्ध समजली जाते.

जेरंडचा कर्ता आणि फाउलर यांचा आक्षेप

जेरंडला स्वतःचा कर्ता असेल तर तो षष्ठीत असावा की नाही, यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठा वाद झाला. 'द टीचर ऑब्जेक्टेड टू हिज कमिंग लेट' आणि 'द टीचर ऑब्जेक्टेड टू हिम कमिंग लेट' अशी दोन्ही वाक्ये लिहिली जातात. हेन्री वॉटसन फाउलर यांनी आपले बंधू फ्रान्सिस यांच्यासह लिहिलेल्या 'द किंग्ज इंग्लिश' (१९०६) या ग्रंथात आणि पुढे 'अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज' (१९२६) या कोशात दुसऱ्या रचनेला विरोध केला. त्यांनी तिला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असे नाव दिले. आक्षेप विद्यार्थ्याचा नसून त्याच्या उशिरा येण्याचा आहे, आणि 'हिम' म्हटल्याने हा संबंध विस्कटतो, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी ही रचना मान्यवर लेखकांत पूर्वीपासून रूढ असल्याचे दाखवून फाउलर यांचा निषेध अमान्य केला.

औपचारिक लेखनात सर्वनामांच्या बाबतीत षष्ठी आजही अधिक पसंत केली जाते. परंतु 'देअर इज नो चान्स ऑफ द रोड बीइंग ओपन टुडे' अशा वाक्यात, कर्ता निर्जीव किंवा लांबलचक असताना, षष्ठी घालण्याचा हट्ट केला तर वाक्य बोजड होते. तेथे फाउलर यांचा नियम पाळणे व्यवहार्य ठरत नाही.

वापरातील अडचणी

अपेक्षित रूप न ओळखल्याने होणाऱ्या चुकांत 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' ही अर्जांत व पत्रांत वारंवार दिसते. येथील 'टू' हे प्रीपोझिशन आहे, म्हणून त्यानंतर 'मीटिंग' हे जेरंड हवे. 'ही यूज्ड टू ड्राइव्ह' म्हणजे 'तो पूर्वी गाडी चालवीत असे' आणि 'ही इज यूज्ड टू ड्रायव्हिंग' म्हणजे 'त्याला गाडी चालविण्याची सवय आहे'. या दोन्ही 'टू'मधील भेद याच प्रकारचा आहे. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' याचा अर्थ त्याने धूम्रपान सोडले. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' याचा अर्थ तो धूम्रपान करण्यासाठी थांबला, म्हणजे जवळजवळ उलट.

पार्टिसिपलच्या बाबतीत मुख्य दोष लोंबत्या पार्टिसिपलचा आहे. वाक्यारंभी आलेल्या पार्टिसिपलचा कर्ता हाच मुख्य वाक्याचा कर्ता असावा, असा इंग्रजीचा संकेत आहे. 'बॉइलिंग द मिल्क, आय हर्ड द फोन' हे ठीक. 'बॉइलिंग द मिल्क, द फोन रँग' म्हटले तर दूध फोनने तापविले असा अर्थ होतो. मराठी भाषकांकडून हा दोष घडण्याचे कारण त्यांच्या भाषेतच आहे. 'दूध तापवताना फोन वाजला' हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण 'ताना' या रूपाला मुख्य वाक्याहून वेगळा कर्ता चालतो. तीच रचना इंग्रजीत उतरविली की ती सदोष ठरते. तेथे 'व्हाइल आय वॉज बॉइलिंग द मिल्क' असे पूर्ण उपवाक्य लिहावे लागते. 'कन्सिडरिंग', 'रिगार्डिंग' यांसारखी काही रूपे मात्र प्रीपोझिशनच बनली असल्यामुळे त्यांना हा नियम लागू होत नाही.

संज्ञांविषयी

'जेरंड' ही संज्ञा लॅटिन व्याकरणातील आहे. लॅटिनमध्ये 'अमान्दुम' हे धातुसाधित नाम आणि 'अमान्स' हे धातुसाधित विशेषण अशी रूपेच भिन्न असल्याने दोन नावांची गरज उघड होती. इतर युरोपीय भाषांत या संज्ञेचा अर्थ बदलला. स्पॅनिशमधील 'हेरुंदिओ' हे 'कांतांदो' असे रूप क्रियाविशेषणात्मक आहे, म्हणजे मराठीतील 'गात' या रूपाच्या जवळचे. ते नाम म्हणून वापरले जात नाही. म्हणून स्पॅनिश किंवा फ्रेंच शिकणाऱ्याने इंग्रजी जेरंडची व्याख्या तेथे लावू नये.

आधुनिक व्याकरणातील भूमिका

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा भेद मुळात राखावा का, असा प्रश्न व्याकरणकारांनी उपस्थित केला. रँडॉल्फ क्वर्क, सिडनी ग्रीनबॉम, जेफ्री लीच आणि यान स्वार्टविक यांच्या 'अ कॉम्प्रिहेन्सिव्ह ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' (१९८५) या ग्रंथात 'इंग' रूपांची एक सलग श्रेणी दाखविली आहे. तिच्या एका टोकाला पूर्ण नाम आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण क्रियापद असून मधली रूपे क्रमाक्रमाने एकीकडून दुसरीकडे सरकतात. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांनी 'द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' (२००२) मध्ये दोन्हींसाठी 'जेरंड-पार्टिसिपल' ही एकच संज्ञा स्वीकारली. त्यांच्या मते भूतकाळ आणि भूतकालवाचक धातुसाधित ही रूपे बहुतेक क्रियापदांत सारखी असली तरी 'एट' व 'ईटन' यांसारख्या जोड्यांमुळे वेगळी मानावी लागतात; 'इंग' रूपांत मात्र असे एकही क्रियापद नाही ज्याची दोन निराळी रूपे होतात. त्यामुळे क्रियापदाच्या रूपावलीत दोन खाने करण्यास आधार उरत नाही.

शालेय व्याकरणांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत जुनी विभागणी कायम आहे. हडलस्टन व पुलम यांचा निष्कर्ष रूपांपुरता आहे. 'इंग' रूप असलेले उपवाक्य नामाच्या जागी आले आहे की विशेषणाच्या, हा प्रश्न त्यांच्या पद्धतीतही विचारावाच लागतो, फक्त तो क्रियापदाऐवजी उपवाक्याविषयी विचारला जातो.